पाठीमागची तार

पेंढेकाकांना खरं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदावर महिन्यातून एकदा दिसे आणि तिथेच राही. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात मेलेल्या पक्ष्यांमध्ये पेंढा भरण्याचं काम ते चौतीस वर्षं करत होते. खरं तर पेंढा ते कधीच भरत नसत. कापूस, सुतळी आणि तार, एवढंच त्यांचं सामान. हे त्यांनी पहिली दहा वर्षं भेटेल त्याला समजावून सांगितलं. मग हात टेकले आणि नावाला ओ द्यायला लागले.

पक्षी हातात आला की ते छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला करत, मधोमध बारीक चीर देत आणि अंगातला कोट काढावा तशी कातडी सोडवत. कीड लागू नये म्हणून आतून टाकणखार चोळत, कापसाचं अंग करून आत बसवत, डोळ्यांच्या जागी काचेचे मणी लावत आणि तारेच्या आधारावर पक्षी फांदीवर उभा करत. तारेची टोकं पाठीकडून बाहेर काढायची आणि तशीच सोडायची, ही त्यांची पद्धत. टोक कापलं की आतली पकड ढिली होते, असं त्यांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं. आणि कपाटात पक्ष्याची पाठ भिंतीकडे असते. पाठ बघायला कोण येतंय? चौतीस वर्षांत कोणी आलं नव्हतं.

माणूस तसा गरीब. कोणाच्या अध्यात ना मध्यात. घरात दोन माणसं चढ्या आवाजात बोलू लागली की काकांची नजर छताकडे किंवा स्वतःच्या नखांकडे जाई, आणि कोणी थेट गाठून काही विचारलंच तर ते "बघतो" म्हणत. ह्या "बघतो"पुढे कधीही काहीही झालं नाही. लोक त्यांना सज्जन म्हणत. मीही म्हणत असे. आता तो शब्द जरा जपून वापरतो.

घर वडिलांनी बांधलेलं, रेल्वेच्या डब्यांसारख्या एकापुढे एक चार खोल्या. वडील गेल्यावर पुढच्या दोन काकांकडे आणि मागच्या दोन धाकट्या भावाकडे राहिल्या. पण ही वाटणी तोंडीच. कागदावर अख्खं घर थोरल्याच्या, म्हणजे काकांच्या नावावर होतं. माझा हिस्सा लिहून दे, असं भाऊ म्हणाला. काका म्हणाले, बघतो. दोन वर्षं वाट बघून भावाने एके सकाळी हातोडी घेतली आणि दोन्ही बिऱ्हाडांमधल्या दाराला सहा खिळे ठोकले. त्यानंतर बारा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

बोलले नाहीत, पण गप्पही बसले नाहीत. सकाळी सहाला काका रेडिओ लावत. मागच्या खोलीत लगेच भावाचा रेडिओ सुरू होई, थोडा मोठ्याने. मग काका रेडिओचा कान पिळत, मग भाऊ पिळे. सात वाजेपर्यंत घर दणाणून जाई आणि बातम्या कोणालाच कळत नसत. भाऊ बस चालवायला निघून गेला की काका आवाज कमी करून, पहिला नंबर आल्यासारखे चहा पीत.

बायकांची आघाडी वेगळी. काकांची बायको थोरली, भावाची धाकटी. गल्लीत दोघींना ह्याच नावांनी ओळखत. मागचं अंगण सामाईक, नळ एक आणि कपडे वाळत घालायची दोरीही एक. त्या दोरीवरून दोघी जावांचं जे चाले ते ऐकून कावळेसुद्धा उठून जात. पण गंमत अशी की थोरलीचं दिराशी कधी वाजलं नाही. तो दमून आला की ती खिडकीतून त्याला चहा देई. आणि काकाही धाकटीशी मऊ बोलत, तिला दळण उचलू लागत. भाऊ भावाशी भांडे, जाऊ जावेशी. ह्या भांडणांत आडवी रेघ कधी पडली नाही.

ही गोष्ट काकांच्या स्वतःच्या लक्षात कधीच आली नसती. ती आणून दिली कॉलेजात नव्याने आलेल्या बाईंनी. ह्या बाई पक्षी कसे हद्द राखतात ते तपासत होत्या. त्यांना एक नर आणि एक मादी, असे दोन पेंढा भरलेले दयाळ हवे होते. नर काळा-पांढरा, मादी राखाडी-पांढरी, दोघांची शेपटी सदा वर. बाईंनी शहरभर बारा जोड्या हेरल्या होत्या आणि त्यांतली एक निघाली काकांच्याच अंगणात, कुंपणाच्या भिंतीतल्या जुन्या पाइपाच्या भोकात.

बाईंची पद्धत सोपी होती. घरट्यापासून काही पावलांवर एक काठी रोवायची. काठीवर नकली पक्षी बसवायचा, छोट्या डबीतून दयाळाचा टेप केलेला आवाज वाजवायचा आणि लांब स्टुलावर बसून वहीत लिहायचं. वहीत तीन रकाने: वेळ, मादी, नर. दहा मिनिटं झाली की उठून नकली पक्ष्यावर फडकं टाकायचं.

"एक मिनिटही जास्त नाही," बाईंनी बजावलं होतं. "खरा पक्षी मार खाऊन पळून जातो, काका. हा पळत नाही. मग त्यांना थांबायचं कधी ते कळत नाही."

दुसरा नियम म्हणजे मध्ये पडायचं नाही. काही झालं तरी फक्त बघायचं. काकांना वाटलं, एवढ्या सोप्या नोकरीसाठी लोक पुस्तकं का वाचतात.

पहिल्या वर्षी सगळं सुरळीत झालं. बाईंनी समोर उभं राहून तारेची टोकं कापायला आणि कानसीने घासायला लावली होती. नकली नर काठीवर बसला की खरा नर गच्चीच्या कठड्यावरून गाणं अर्धवट टाकून खाली झेपावे आणि त्याच्या मानेवर टोची मारी. मादी तेव्हा आपली पिल्लांना अळ्या भरवत असे, जणू बाहेर काही चाललंच नाही. दुसऱ्या दिवशी नकली मादी बसवली. नराने पंख पसरले, शेपटी फुलवली आणि तो गोड गायला लागला. मादी मात्र भोकातून बाणासारखी बाहेर आली.

थोरली खिडकीतून बघत होती. "बघा," ती म्हणाली, "हा निघाला पाहुणचाराला, आणि तिच्या जिवाची लाहीलाही."

पलीकडच्या खिडकीत भाऊ उभा होता. तो हसला. काकाही हसले. बारा वर्षांत दोघे भाऊ एकाच गोष्टीला एका वेळी हसले ते एवढंच. पुढे बोलावं असं काकांना वाटलं, अगदी ओठांपर्यंत आलं. भाऊ खिडकी लावून आत गेला.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला भाऊ गेला. शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत बस नीट चालवली, डेपोत लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं ते उचललंच नाही. पुढे आठवडाभर घरात माणसांची ये-जा होती, तोवर काकांना काही जाणवलं नाही. मग एका सकाळी सहाला त्यांनी सवयीने रेडिओ लावला आणि आवाज वाढवला. मागून काही आलं नाही. त्यांनी आणखी वाढवला. मग बंद केला आणि कॉटवर बसून हमसून हमसून रडले. थोरलीने त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती दारात उभी राहिली आणि तिलाही रडू आलं.

त्याच दुपारी काकांनी पकड घेऊन मधल्या दाराचे सहाही खिळे उपटले. धाकटीला म्हणाले, "हे घर तुझं आहे. तू इथेच राहायचं." तिने मान हलवली. हे काकांच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात चांगलं भाषण. माणसाने तिथेच थांबून, सकाळी उठून, तेच कागदावर लिहून द्यायला हवं होतं. पण ते काकांना सुचलं नाही, आणि धाकटीला मागायचा धीर झाला नाही.

धाकटीला दुसरीकडे जागा नव्हती. मूलबाळ नव्हतं. माहेरी एक भाऊ, त्याची दीड खोली आणि तीन मुलं. ह्या दोन मागच्या खोल्या होत्या म्हणून ती होती. शिवणयंत्र खिडकीशी ओढून ती लोकांचे परकर आणि उशांचे अभ्रे शिवू लागली. मधलं दार उघडंच असे. कधी तिने केलेला चहा पुढे येई, तर कधी काकांच्या तुटलेल्या गुंड्या मागे जात. दोन-तीन महिने घर घरासारखं होतं.

मग थोरलीच्या पोटात दुखू लागलं. आधी पित्त म्हणून काढे झाले, मग तपासण्या झाल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की गाठ पसरली आहे, वर्ष काढलं तर पुष्कळ. काकांनी तिला सांगितलं, साधी सूज आहे. ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला कळायचं ते कळलं होतं. ती कळवळली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने धाकटीला घराबाहेर काढायला सुरुवात केली.

मधलं दार पहिल्यांदा लागलं. मग नळाला धाकटीची बादली दिसली की ती ओतली जाऊ लागली. दोरीवरचे तिचे कपडे खाली मातीत मिळू लागले. शिवणयंत्राच्या आवाजाने डोकं उठतं, म्हणून दुपारी यंत्र बंद. धाकटी आधी उत्तरं द्यायची, आता देत नव्हती. पूर्वी तिच्या मागे नवरा होता. आता तिच्या मागे फक्त काकांचं ते एक वाक्य होतं.

एकदा काका संग्रहालयात जायला निघाले तेव्हा ती त्यांना कोपऱ्यावर गाठायला आली.

"दादा, तुम्ही एकदा बोला वहिनींशी. मी त्यांचं सगळं करीन. पाणी भरीन, अंग पुसून देईन. फक्त एवढं सांगा की ही इथे राहणार आहे. तुमचं ऐकतील त्या."

काका म्हणाले, "बघतो."

त्यांना बोलायचं होतं, हे मी खात्रीने सांगतो. रोज संध्याकाळी घरी येताना ते मनात वाक्य जुळवत येत. दारात आलं की थोरलीचा उतरलेला चेहरा दिसे आणि वाक्य घशात राही. मरणाऱ्या बाईला कसं दुखवायचं, असं ते स्वतःला सांगत. हे खरंही होतं आणि सोयीचंही होतं.

वसंतात दयाळांची जोडी परत त्याच भोकात आली. बाईही आल्या. जुन्या नकली मादीच्या गेल्या वर्षी टोचून टोचून चिंध्या झाल्या होत्या. काकांनी नवी केली, दोन दुपारी बसून, मन घरच्या कटकटीत ठेवून. ह्या वर्षी टोकं घासायला सांगायचं बाई विसरल्या. काकांचे हात सवयीने गेले. पक्षी अगदी जिवंत उतरला, पुढून. मागे दोन बोटं लांबीची तार तशीच राहिली.

बाईंना त्या दिवशी दुसऱ्या जोडीकडे जायचं होतं. काकांना सगळं येतं, म्हणून त्यांनी वही आणि घड्याळ काकांच्या हाती दिलं. सकाळचे नऊ वाजले होते. काकांनी काठी रोवली, मादी बसवली, आवाज सुरू केला आणि नळाच्या अलीकडे स्टूल टाकून बसले. मादी भोकातून निघाली आणि पहिल्या झेपेतच नकलीच्या डोक्यावरून गेली. काकांनी वेळ लिहिली.

चौथ्या मिनिटाला धाकटी बादली घेऊन नळावर आली. पाचव्या मिनिटाला थोरली, भिंतीला धरत, मागच्या दारातून बाहेर पडली.

दोघी नळाशी उभ्या राहिल्या, काका आणि काठी ह्यांच्या बरोबर मध्ये. थोरलीने बादलीला लाथ मारली. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कोण जाणे. मग ती बोलू लागली. धाकटीने नवऱ्याला खाल्लं इथपासून ते ती कोणासाठी केस विंचरून नळावर येते इथपर्यंत, जे बोलू नये ते सगळं बोलली. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. शेवटी तिला धाप लागली आणि ती हळू आवाजात म्हणाली, "ह्या घरात एकच बाई राहील. मी आहे तोवर मी."

धाकटीने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती काकांकडे पाहत होती. नुसती पाहत होती, हातात रिकामी बादली घेऊन. ती त्या एका वाक्याची वाट बघत होती. थोरलीही आता त्यांच्याकडेच पाहत होती.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. उठून फडकं टाकायला हवं होतं, पण त्यासाठी दोघींच्या मधून जावं लागलं असतं, आणि मधून जाताना काहीतरी बोलावं लागलं असतं. बारा झाली. तेरा. त्यांनी वहीवर मान खाली घातली आणि आधी लिहिलेल्या आकड्यावर पुन्हा पेन्सिल फिरवली. पलीकडे पंख आपटल्याचे आवाज येत होते, ते त्यांना ऐकू येत होते. बघायचं, मध्ये पडायचं नाही.

धाकटीने बादली नळाखाली ठेवली, नीट, कडी एका बाजूला करून, आणि ती आत गेली. थोड्या वेळाने एक ट्रंक आणि शिवणयंत्राचं डोकं रिक्षात घालून ती निघून गेली. जाताना तिने मागच्या खोल्यांची किल्ली काकांच्या स्टुलावर ठेवली. स्टूल तेव्हा रिकामं होतं.

कारण काका काठीपाशी होते. मादी नकलीच्या पाठीला चिकटली होती. मागून मानेवर झेप घेतली तेव्हा ती तार तिच्या छातीत गेली होती. ती अजून पुरती मेली नव्हती, आणि तशा अवस्थेतही चोच नकलीच्या पिसांत रुतवून होती. काकांनी तिला सोडवली. त्यांच्या तळहातावर तिने दोनदा श्वास घेतला. चौतीस वर्षांत हजारभर पक्षी त्यांच्या हातांतून गेले होते, पण मरताना त्यांनी एकही पाहिला नव्हता.

भोकात तीन पिल्लं होती. नर त्यांना भरवत राहिला, पण ऊब द्यायचं काम मादीचं. रात्री अजून गारठा असे. दोन पिल्लं दुसऱ्या दिवशी मेली, तिसरं त्याच्या पुढच्या. तेवढ्यात कठड्यावर एक नवी राखाडी मादी आली. नराने पंख पसरले, शेपटी फुलवली आणि तो तेच गाणं गायला लागला.

थोरलीची कॉट आता खिडकीशी होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "मी मोजले."

काकांनी तिची उशी सारखी केली.

"तुम्ही वाईट आहात असं नाही हो. ती पण वाईट नाही. पण मी इथे पडणार, आणि ती मधल्या दारातून चहा घेऊन येणार, आणि मी गेल्यावरही येतच राहणार. ते मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं होतं. मला ते बघवत नव्हतं, म्हणून घालवली." मग ती म्हणाली, "एवढं बोलले मी तिला. तुम्ही मला एकदा तरी गप्प बस म्हणायचं होतं."

पुढच्या महिन्यात तिला उठून पाणीही घेता येईना. तेव्हा तिनेच काकांना पाठवलं, धाकटीला घेऊन या म्हणाली. काका धाकटीच्या भावाकडे गेले. दीड खोलीच्या बाहेर गॅलरी होती. तिथे चादरीचा पडदा लावून धाकटी राहत होती. यंत्राचं डोकं ट्रंकेवर ठेवलेलं होतं, पण चालवायला परवानगी नव्हती. तिच्या भावजयीचं डोकं दुखत असे. आतून ती भावजय भांडी आपटत होती, ऐकू जाईल इतक्या जोराने.

काकांनी थोरलीचा निरोप सांगितला. घर लिहून देतो, असंही सांगितलं. ह्या वेळी ते "बघतो" म्हणाले नाहीत.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. "वहिनींवर माझा राग नाही," ती म्हणाली. "त्या निदान माझ्याशी बोलत तरी होत्या. दादा, त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी त्यांच्या लाथा खाऊनही राहिले असते. आता येऊन मी कोणाच्या भरवशावर राहू?"

ती आली नाही. थोरली पावसाळ्याच्या तोंडाशी गेली. शेवटचे आठ दिवस तिला पाणी पाजायला काका होते आणि एक नर्स होती. शुद्ध असे तेव्हा ती मधल्या दाराकडे बघे. घर लिहून देणारा कागद काकांनी खरंच केला आणि टपालाने पाठवला. तो सहीशिवाय परत आला. थोरली गेल्यानंतर धाकटीने तिथे येऊन राहायचा प्रश्नच उरला नाही. लोक काय म्हणतील ते दोघांनाही ठाऊक होतं. चारही खोल्या काकांच्या झाल्या. सकाळी ते रेडिओ लावत नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कपाटांच्या किल्ल्या दिल्या. त्याआधी एक आठवडा खपून त्यांनी सगळे पक्षी काचेतून बाहेर काढले होते आणि एकेकाच्या पाठीमागची तार कापून घासली होती. का, ते कोणी विचारलं नाही. चार पक्षी ढिले पडून वाकले, ते त्यांनी तसेच परत आत ठेवले.

बाई निरोप द्यायला आल्या तेव्हा त्यांच्या हातात ती वही होती. त्या म्हणाल्या, त्या दिवसाचं एक पान अर्धवट राहिलंय. मादीचं मी तुम्ही सांगितलंत तसं लिहिलं. नराचा रकाना रिकामा आहे. मी नव्हते, तुम्हीच होतात. तेवढं आठवून लिहाल का?

काकांनी पेन्सिल घेतली. भोकातला नर त्या वेळी कुठे होता, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. तरी त्यांनी फार विचार केला नाही. रकाना अरुंद होता, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: दहा पावलांवर बसून होता. शेवटपर्यंत उठला नाही.

बाईंनी वाचलं. "गात होता का?"

"नाही," काका म्हणाले. "काहीच बोलला नाही."